सर्वांत वेगानं वाढणारी आत्या

तीर्थरूप आत्याबाईंस भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. (वरचं 'आत्याबाईंस' वाचून दचकू नकोस. पत्राची सुरुवात अशीच करायची, असं बाबांनी बजावलंय. खाली तू आपली तूच आहेस.) इकडे आम्ही सगळे खुशाल. आईचा खोकला गेला, तो बाबांकडे गेला, म्हणजे घरातल्या घरातच आहे. तुझे गुडघे कसे आहेत? डावा एकटाच कुरकुरतो, की आता उजव्यानंही त्याची बाजू घेतली? इस्त्रीवाले काका अजून शर्टांशी भांडतात का? आणि ते मोठं मशीन अजून शेवटच्या फेरीला थरथरत दारापर्यंत चालत येतं, का त्याला काहीतरी अडसर लावलास? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण फोन एप्रनच्या खिशात राहिला आणि एप्रन चादरींबरोबर मशीनमध्ये गेला, असं तूच लिहिलंयस. (फोन 'अगदी स्वच्छ निघाला, पण बोलत नाही' हे तुझं वाक्य मी कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं.) तेव्हा पत्र लिहायला बसले आहे, आणि आज पेटीत टाकलं तर ते शनिवारच्या आत तुझ्या हातात पडेल, असं टपालवाल्यानं मला छातीठोकपणे सांगितलंय.

आत्या, आधी मुद्द्याचं. शनिवारी सही करू नकोस. तू लिहितेस की लाँड्रीला गिऱ्हाईक मिळालंय, टाय लावलेला माणूस आहे, गोड बोलतो, आणि दुकान विकून येईल तो सगळाच्या सगळा पैसा तू इंटरनेटच्या धंद्यात घालणार आहेस. 'सगळं जग तिकडे चाललंय आणि मी इथे कॉलरचा मळ घासत बसलेय,' हे वाचून मला आधी हसू आलं, आणि मग मी ते पुन्हा वाचलं. पुढे तू लिहितेस, इंटरनेटवरचा कोणता धंदा सर्वांत जोरात वाढणार हे तुला कळलेलंच आहे, कारण आमच्याच कचेरीचा अहवाल पेपरात आला होता, त्यातला सर्वांत उंच खांब 'प्राण्यांचे ऑनलाइन डॉक्टर' असं म्हणतो, आणि ज्या कचेरीत आपली भाची बसते तिचं खोटं कसं असेल. फक्त मी एका ओळीत 'हो' कळवायचं. आत्या, एका ओळीत जमणार नाही. खुर्ची ओढून घे, पाय स्टुलावर ठेव, काकांना म्हणावं काउंटर बघा, आणि मग पुढचं वाच.

आमची कचेरी म्हणजे काय, हे तुला मी आजवर कधी धड सांगितलेलं नाही. (विचारलंस की 'तिथे कॉम्प्युटरवर असते' एवढंच सांगायचे, कारण तेवढ्यानं तुझा चेहरा फुलायचा.) तिसऱ्या मजल्यावर चार खोल्या आहेत, लिफ्ट मनात आलं तर चालते, आणि दारावर पितळी पाटी आहे तिच्यात बघून सगळे केस नीट करतात. काम एकच. इंटरनेटच्या कोणत्या शाखेत पुढे किती वाढ होईल याचं भाकीत करायचं आणि ते पैसेवाल्या लोकांना विकायचं. साहेब भाकीत बोलतात, आकड्यांचा माणूस ते आकड्यांत बसवतो आणि मी त्याची चित्रं काढते. आकड्यांच्या माणसाला आम्ही दशांश म्हणतो, कारण तो कुठलीही गोष्ट सरळ सांगतच नाही. चहात साखर किती विचारली तर 'दीड पॉइंट दोन' म्हणतो. (म्हणजे नक्की किती, हे चहावालीला अजून समजलेलं नाही. ती दोन घालते, आणि तो पिऊन बरोबर आहे म्हणतो.) मी खांब काढते, बाण काढते, वर्तुळाच्या फोडी करते, आणि त्यांना असे रंग देते की बघणाऱ्याला वाटावं, आपण अगोदरच श्रीमंत झालोय.

आता आमच्या कचेरीची एक रीत आहे, आणि सगळा घोटाळा तिच्यातून झाला. आधी चित्र, मग आकडे. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यालाही कारण आहे. छापखान्याला पानं लवकर लागतात आणि साहेबांचं भाकीत लवकर होत नाही. ते खिडकीशी उभे राहून करतात, आणि खिडकीसमोर बांधकाम सुरू झाल्यापासून तर फारच वेळ लागतो. म्हणून मी आधी उगीचचे खांब काढून ठेवते. कोणता कमी, कोणता जास्त, काही अर्थ नाही, नुसती जागा अडवायची. मग दशांश आकडे आणून देतो आणि मी खांब ओढून नाहीतर दाबून खरे करते. दरवर्षी हे बिनबोभाट होतं. पण उगीचचे खांब काढणं वाटतं तितकं सोपं नाही, आत्या. हाताला सवय लागते. सगळे सारखेच येतात, नाहीतर पायऱ्यांसारखे ओळीनं चढत जातात, आणि साहेब म्हणतात, जिवंत वाटत नाही. या वर्षी मी अगदी कंटाळून गेले होते. समोर भिंतीवर आपला तो फोटो टाचलेला होता. तुझ्या दुकानासमोरचा, सगळे एका ओळीत उभे असलेला. मी काय केलं असेल, आलं का ध्यानात? ओळीनं आपली सगळ्यांची उंची उतरवून घेतली.

हसू नकोस. म्हणजे हस, पण वाचत राहा. आजोबा स्टुलावर बसलेत ना, ते झाले 'बातम्यांची संकेतस्थळं'. त्यांच्या शेजारी बाबा, फोटोवाला 'हं' म्हणाला नेमकं तेव्हाच पडलेलं पेनाचं टोपण शोधायला वाकलेले, ते झाले 'ऑनलाइन खरेदी'. आई नेहमीप्रमाणे 'मला नको, मला नको' करत मागे सरकलेली, नुसती अर्धी दिसते, ती 'जाहिराती'. मी 'घरबसल्या शिकवण्या', आणि माझ्या उंचीबद्दल तुला मी काय सांगणार. आपल्या धाकट्या दिवट्यानं, माझ्या भावानं, त्या क्षणी उडी मारली होती, म्हणून त्याचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. तो झाला 'ऑनलाइन खेळ', आणि मी इमानेइतबारे त्याच्या खांबाखाली बोटभर फट ठेवली. आणि टोकाला तू. ताठ, हातात कपडे वाळत घालायची काठी, सगळ्यांच्या वर डोकं, आणि त्या डोक्यावर तो अंबाडा. शेवटचं नाव उरलं होतं 'प्राण्यांचे ऑनलाइन डॉक्टर'. ते मी तुझ्या पायाशी लिहिलं. अंबाडासुद्धा सोडला नाही गं. खांबाच्या डोक्यावर छोटासा फुगवटा काढला. म्हटलं, उगीचचंच तर आहे, नंतर पुसायचं.

पण नंतर पुसायला कोणी आलंच नाही. साहेबांना वाटलं, आकडे दशांशनं दिले आणि त्यावरून मी खांब काढले. दशांशला वाटलं, या वर्षी साहेबांनी परस्पर मलाच सांगितलं, आणि आपल्याला विचारलं नाही म्हणून तो रुसला. रुसला म्हणजे बोलेना, पण काम चोख. त्यानं फूटपट्टी घेतली, माझे खांब मोजले आणि त्यावरून आकडे काढले, दशांशचिन्हापुढे दोन घरं! बाबांचं वाकणं १४.०६ टक्के निघालं. तुझी वाढ सत्तावीस पॉइंट त्रेचाळीस. मी आकडे पाहिले, ते माझ्या खांबांशी तंतोतंत जुळले, आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काय हा योगायोग! मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर इतकी खूश होते की तिन्ही जिने लिफ्टची वाट न बघता उतरले. मला खरंच वाटायला लागलं की आपल्या हातात काहीतरी आहे.

अहवाल छापून आला आणि बाजारानं तो डोक्यावर घेतला. समोरच्या इमारतीत आमच्यासारखीच एक कचेरी आहे, तिचा आणि आमचा छत्तीसचा आकडा. त्यांनी आठवड्याभरात आपला अहवाल काढला, आणि त्यातही सगळ्यात उंच तूच! (आमच्यावरूनच घेतलं होतं, पण अंबाडा त्यांनी काढला नाही. समज कमी.) लगेच साहेबांनी पुढच्या पत्रकात लिहिलं की आमच्या निष्कर्षाला आता स्वतंत्रपणे दुजोरा मिळाला आहे. मग ते दोन्ही पेपरात आले, पेपरावरून रेडिओवर गेले, आणि एके दिवशी बाबा जेवताना मलाच समजावून सांगायला लागले की हल्ली पैसा घालावा तर जनावरांच्या डॉक्टरात घालावा. ऑनलाइन खरेदीत काही राम नाही म्हणाले, ते क्षेत्र वाकलंय. मी त्यांना आणखी भात वाढला.

पण खरी कमाल झाली गुंतवणूकदारांच्या सभेत. भलामोठा हॉल, थंडगार हवा, खुर्च्यांना पांढरे अभ्रे. (अभ्रे बघून मला तुझीच आठवण झाली. कडेला पिवळे पडले होते. तुझ्याकडून गेले असते तर तू ते परत बोलावून घेतले असतेस.) मंचावर साहेब, खाली बसलेला रुसका दशांश, आणि पानं पुढे सरकवायला मी. पडद्यावर आपलं सगळं कुटुंब दहा फुटी उभं राहिलं. पुढच्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारलं की खेळांच्या खांबाखाली ही फट कसली. माझी बोबडी वळली. साहेबांची वळत नाही. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हे क्षेत्र वाढतंय, पण त्याचे पाय अजून जमिनीवर नाहीत." अख्ख्या हॉलनं माना डोलावल्या आणि लिहून घेतलं. आणि आत्या, ते खोटं तरी कुठे होतं? मग एका बाईंनी शेवटच्या खांबावरच्या फुगवट्याकडे बोट दाखवलं. साहेब इतके रंगात आले होते की ते चवड्यांवर उभे राहिले. हा फुगवटा म्हणजेच या अहवालाचा प्राण, म्हणाले. सावकाश, एकसारखं वर चढत गेलेलं हे क्षेत्र शेवटी शेवटी अचानक गोळा होतं, घट्ट होतं आणि मग सुटतं. मी तोंडात रुमाल कोंबला. कारण तुझा अंबाडा नेमका तसाच आहे. शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत घट्ट आणि शटर खाली आलं की सुटतो. लोक उठून बाहेर फोन लावायला धावले. टाळ्या तर अशा पडल्या की पडदा हलला, आणि तू हललीस.

तेव्हापासून सगळीकडे तूच आहेस. आमच्या एका गल्लीत तीन ठिकाणी पाट्या लागल्या आहेत. एका कंपनीत म्हणे कुत्र्याला पडद्यासमोर बसवायचं, डॉक्टर पलीकडून त्याला 'आ कर' म्हणतो. कुत्रं पडदा चाटतं. मांजरं तर फोन लागला की उठूनच जातात. पण पैसा येतोय म्हणून कंपन्या वाढताहेत आणि कंपन्या वाढताहेत म्हणून पैसा येतोय, आणि दशांश सांगत होता की वाढीचा वेग सत्तावीसच्या अगदी जवळ आलाय. (बोलायला लागलाय तो आता. अहवाल गाजल्यावर रुसवा टिकत नाही.) साहेब येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारतात. मी खुर्चीत बसल्या जागी तरंगते, आत्या. काय सांगू, हे असं खोटं यश खऱ्यापेक्षा जास्त चढतं.

आणि मग तुझं पत्र आलं. त्यात त्या टायवाल्या माणसाचं कार्ड तू कौतुकानं पाठवलंस. ते उलटून पाहिलं आणि तोंडचं पाणी पळालं. त्याला लाँड्री कशासाठी विकत हवी आहे हे त्यानं तुला सांगितलंच नाही ना? कार्डावर छापलंय: प्राण्यांचे ऑनलाइन डॉक्टर. तुझी मशीनं काढून तिथे बारा डॉक्टर कानाला फोन लावून बसवणार आहेत. आता नीट ऐक. मी तुझ्या उंचीवरून एक खांब काढला. त्या खांबावर विसंबून त्या माणसानं कंपनी काढली. त्या कंपनीला जागा हवी म्हणून तो तुझं दुकान घेतोय. आणि तू ते दुकान देऊन आलेला पैसा, तोच खांब बघून, त्याच्याच धंद्यात परत घालणार आहेस! म्हणजे तू स्वतःला विकून स्वतःमध्येच गुंतवणूक करणार आहेस, आणि मधल्यामध्ये दुकान तेवढं जाणार, मशीनं भंगारात जाणार आणि काका घरी बसणार. तुझ्यावर पैसे लाव म्हटलं तर मी डोळे मिटून लावीन गं, पण ते तुझ्या दुकानावर. तुझ्या अंबाड्यावर नको.

तुझं पत्र वाचल्यावर मला राहवेना. मी तडक साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. फोटो, स्टूल, पेनाचं टोपण, उडी, अंबाडा, काहीएक लपवलं नाही. अशी बोलले आत्या, की तू असतीस तर मशीन बंद करून ऐकलं असतंस. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे झाले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठले, मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले की इतक्या वर्षांत या खोलीत पहिल्यांदाच कोणी खरं बोललं. दशांशनं दारातून टाळ्या वाजवल्या. अहवाल मागे घ्यायचा, पेपरात खुलासा द्यायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. तेव्हा तू आता बिलकूल काळजी करू नकोस आणि शनिवारी त्या माणसाला चहा पाजून परत पाठव. काकांना माझा नमस्कार सांग. गुडघ्यांना शेक देत जा. आईबाबांचा तुला आशीर्वाद, म्हणजे आईचा नमस्कार आणि बाबांचा खोकला.

तुझी धुऊन आटलेली भाची

ता. क. खुलासा पेपरात आला नाही, तर पेपरवाल्यांना बोल लावू नकोस.

आणखी एक ता. क. साहेबांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. वरचं सगळं न्हाणीघरात आरशासमोर सांगितलं. साहेबांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्याच डोळ्यांतलं होतं, आणि टाळ्या म्हणजे बाहेरून बाबांनी दार वाजवलं, किती वेळ म्हणून. पण बाकी सगळं खरं आहे आत्या, फोटोची शपथ. भीती वाटते गं. सांगितलं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की मला दुसरं काय येतं? उगीचचे खांब!

शेवटचा ता. क. आता खरं विचारते, ज्यासाठी एवढं पान भरलं. दुकान विकू नकोस, मला शिकव. डाग कशानं जातो, रेशमाला पाणी किती गरम, ते चालणारं मशीन कसं धरायचं, सगळं. मी काउंटर सांभाळीन, तू खुर्चीवर बसून मला ओरड, गुडघ्यांना आराम. लहानपणी तुझ्या दुकानातली ती गरम वाफ तोंडावर आली की मला वाटायचं, इथेच राहावं, आणि ते अजूनही वाटतं, फक्त हे कधी कोणाला सांगितलं नाही. तू हो म्हणालीस तर मी लगेच साहेबांच्या दारावर टकटक करीन. नाही म्हणालीस तरी करीन, फक्त जरा हळू.